जुन्या फोर-बाय-फोर पिकअपला मोठं इंजिन हवं की योग्य गिअर? ड्राइव्हट्रेनवर खर्च करण्याआधी हे समजून घ्या

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण जवळपास दर पावसाळ्यात वाचतो. पूर ओसरल्यानंतरचे दिवस मात्र बातमीत येत नाहीत. रपट्यावर गाळ साचलेला असतो, नाल्याच्या उतारावरची माती वाहून गेलेली असते आणि धान्य, औषधं, सिलिंडर किंवा एखादा आजारी माणूस घेऊन पहिली गाडी पलीकडे न्यायची असते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ती गाडी अनेकदा ट्रॅक्टर असते. ट्रॅक्टर नसेल तर एखादी जुनी फोर-बाय-फोर: महिंद्राची बोलेरो कॅम्पर, त्याआधीची जीप, नाहीतर मारुतीची जिप्सी.

यातल्या बऱ्याच गाड्या आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. नवी फोर-बाय-फोर पिकअप घेणं प्रत्येकाला परवडत नाही, त्यामुळे आहे तीच गाडी सुधारायचा विचार येतो. गॅरेजमध्ये विषय काढला की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "इंजिन मोठं टाका." हा सल्ला बहुतेक वेळा महागात का पडतो, ते बघूया.

ताकद चाकापर्यंत पोहोचते कशी?

इंजिनातून निघालेली ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. तिथून ती ट्रान्स्फर केसमध्ये येते. फोर-बाय-फोर गाडीत दुसरा छोटा लीव्हर असतो ना, तो याच पेटीचा. ही पेटी ताकद पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये वाटते. प्रत्येक शाफ्टच्या टोकाला डिफरन्शिअल असतं आणि त्यातली क्राउन-पिनियनची जोडी वेग कमी करून जोर वाढवते. मग हाफ शाफ्ट आणि शेवटी चाक. इंजिन सोडून या सगळ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात.

आता थोडं गणित. जिप्सी किंगचा पहिला गिअर ३.६५२ चा, ट्रान्स्फर केसचा हाय १.४०९ आणि लो २.२६८, आणि क्राउन-पिनियन ३.९०९ चं. हे आकडे एकमेकांशी गुणले की हाय-मध्ये उत्तर येतं सुमारे २०. म्हणजे इंजिन वीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं आणि घर्षणात जाणारा भाग सोडला तर जोर वीसपट होतो. लीव्हर लो-मध्ये टाकला की हाच आकडा ३२ होतो.

थोडक्यात, एक लीव्हर ओढून चाकाचा जोर ६० टक्क्यांनी वाढला. तेवढाच फायदा इंजिनातून हवा असेल तर ६० टक्के जास्त टॉर्कचं इंजिन लागेल, आणि तो टॉर्क मूळ क्लच, गिअरबॉक्स आणि हाफ शाफ्ट यांना सोसावा लागेल. जुन्या महिंद्रा जीपमधल्या स्पायसर १८ ट्रान्स्फर केसमध्ये फरक आणखी मोठा आहे. तिथे हाय सरळ एकास एक आणि लो साधारण २.४६.

बोलेरो कॅम्परमधलं अडीच लिटरचं डिझेल इंजिन कागदावर ६३ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, म्हणजे आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी. पण त्याचा टॉर्क कमी आरपीएमवरच मिळतो आणि चिखलात हळू चालायला तेच लागतं. अशी गाडी नाल्यात अडकते तेव्हा बहुतेक वेळा इंजिन बंद पडलेलं नसतं. ते मजेत चालू असतं, चाकं जागेवर फिरत असतात. कमतरता ताकदीची नसून पकडीची असते.

आधी आहे ती फोर-बाय-फोर चालते का?

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण अनेक जुन्या गाड्यांचा पुढचा शाफ्ट वर्षानुवर्षं वापरातच आलेला नसतो. लीव्हर गंजून घट्ट झालेला, पुढचे हब अडकलेले, नाहीतर 'आवाज येतो' म्हणून कुणीतरी पुढचा शाफ्टच काढून ठेवलेला. जिप्सीसारख्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करावे लागतात. ते फिरवले नाहीत तर लीव्हर टाकूनही पुढची चाकं खेचत नाहीत. काही गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर चालतं आणि एखादी रबरी नळी तडकली की थांबतं. त्या जागी हाताने फिरवायचे हब बसवणं ही कमी खर्चाची आणि खरोखर उपयोगी सुधारणा आहे.

मग तेल. रपट्यावरून गेल्यावर गरम डिफरन्शिअल एकदम पाण्यात थंड होतं, आतली हवा आकसते आणि श्वास घ्यायच्या छोट्या नळीतून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं की समजायचं, पाणी शिरलंय. ही ब्रीदर नळी लांब करून बॉनेटखाली उंच नेऊन बांधली तर पुढचा मोठा खर्च टळतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये तेल भरताना मात्र कंपनीने सांगितलेलाच ग्रेड वापरा. जीएल-४ च्या जागी जीएल-५ घातलं तर त्यातली रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना त्रास देतात.

मोठे टायर लावले की काय होतं?

सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कमी विचार करून केलेला बदल हाच. जिप्सीचा २०५/७० आर१५ टायर सुमारे ६६८ मिलिमीटर उंच असतो. त्या जागी २३५/७५ आर१५ लावला तर उंची जाते सुमारे ७३३ मिलिमीटरवर. गाडी रुबाबदार दिसते आणि पोटाखाली तीन सेंटिमीटर जास्त जागाही मिळते. पण टायर जवळपास १० टक्के मोठा झाला म्हणजे सगळं गिअरिंग तेवढंच उंच झालं. ३.९०९ चं क्राउन-पिनियन आता ३.५६ सारखं वागतं आणि लो-मधला ३२ चा आकडा साडेएकोणतीसवर येतो. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने पळत असते. ब्रेकही आता मोठ्या, जड चाकाला थांबवत असतात. आपण गाडी जंगलासाठी सुधारली असं वाटतं, प्रत्यक्षात नाल्यातून चढायचा जोर कमी केलेला असतो.

हा गेलेला जोर परत मिळवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे क्राउन-पिनियन बदलणं. जुन्या महिंद्रा जीपच्या कुळात ५.३८, ४.८८, ४.२७ असे वेगवेगळे रेशो आहेत. आकडा जितका मोठा तितका जोर जास्त आणि डांबरी रस्त्यावरचा वेग कमी. चंद्रपूर ते सिरोंचा असा लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर फार मोठा आकडा कटकटीचा ठरतो. ७० च्या पुढे इंजिन ओरडू लागतं आणि डिझेलही जास्त जातं.

इथली चूक सगळ्यात महाग

पुढचा आणि मागचा रेशो एकच असायला हवा. भंगारातून 'चांगला' मागचा एक्सल मिळाला म्हणून लोक तो बसवतात, टू-व्हीलमध्ये गाडी सुरळीत पळते आणि कुणाला काही कळत नाही. समजा मागे ४.८८ आणि पुढे ४.२७ आहे. लीव्हर फोर-व्हीलमध्ये टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, पण चाकं मात्र १४ टक्के वेगळ्या वेगाने फिरू पाहतात. चिखलात टायर घसरतात म्हणून हे खपून जातं. रपट्याच्या काँक्रीटवर आलात की ताण कुठेतरी निघणारच: क्रॉस तुटतो, हाफ शाफ्ट जातो किंवा ट्रान्स्फर केसचे दात.

म्हणून क्राउन-पिनियन बदलायचं तर दोन्हीकडचं, म्हणजे खर्च सरळ दुप्पट. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच घ्यायचे, एक जुना आणि एक नवा असं चालत नाही. ते बसवताना शिम लावून दातांमधली मोकळीक मोजावी लागते आणि दातांना रंग लावून ते नेमके कुठे टेकतात ते बघावं लागतं. हे न करता 'अंदाजाने' बसवलेलं डिफरन्शिअल थोड्याच दिवसांत घोंघावू लागतं.

ट्रान्स्फर केस आणि लॉकर

जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट. त्यामुळे फक्त तिचे गिअर बदलता येतात. जिप्सीचं जगभरातलं भावंड असलेल्या सुझुकी समुराईसाठी ४.१६ पासून ६.५ पर्यंतचे लो गिअर परदेशात मिळतात. व्हिडिओत ती गाडी खडकांवर मुंगीसारखी चढताना दिसते. पण आपल्याकडे तसे खडक आहेत कुठे? भामरागड किंवा एटापल्लीकडे अडवतात ती नाल्यातली वाळू, धानाच्या बांधीतला चिखल आणि वाहून गेलेले उतार. वरोरा-राजुरा बाजूला काळी माती. चिखलात टायरच्या खाचा मोकळ्या राहायला चाकाला थोडा वेग लागतो. फार लो गिअरमध्ये तो वेगच मिळत नाही. माझ्या मते इथल्या कामाच्या पिकअपसाठी खडकवाले गिअर म्हणजे पैशांची नासाडी.

त्याऐवजी मागे लॉकर जास्त उपयोगी. साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक चिखलात फिरू लागलं की दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. म्हणूनच फोर-बाय-फोर गाडीही तिरक्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं एक चाक फिरवत उभी राहते. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. महिंद्राने २०१५ च्या थारमध्ये मागच्या एक्सलसाठी असा मेकॅनिकल लॉकर पर्याय म्हणून दिला होता. लॉकर नसेल आणि हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करत असेल, तर अडकल्यावर तो हलकासा ओढून बघा. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्याला थोडा जोर मिळतो. जुन्या जीपसारखा हँडब्रेक शाफ्टवर असेल तर या युक्तीचा काही फायदा नाही.

पाटे वाढवून गाडी उंच करणार असाल तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातात, हेही लक्षात ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन क्रमांक, इंधन आणि क्यूबिक क्षमता आरसीवर असतात, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचं इंजिन बसवणं सरळ अडचणीत नेतं. अपघात झाला तर विमा कंपनीही तिथेच बोट ठेवेल. डिफरन्शिअलचा रेशो आरसीवर नसतो, तरी टू-व्हील पिकअपला पुढचा एक्सल जोडून फोर-बाय-फोर करण्यासारखं मोठं काम असेल तर आधी आरटीओत लेखी विचारा, गाडी एमएच ३३ ची असो वा एमएच ३४ ची. मालवाहू परवान्याची गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी असेल तर तिला दरवर्षी फिटनेसला उभं राहावंच लागतं.

जुनी गाडी विकत घेताय?

पूर्वी सरकारी खात्यांच्या लिलावातून फोर-बाय-फोर मिळायच्या. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंद झालं आणि त्या स्क्रॅपिंग केंद्रात जाऊ लागल्या. त्यामुळे आता व्यवहार बहुतेक खासगी मालकांशीच होतो आणि आधीच्या मालकाने काय काय बदललंय ते आपल्यालाच शोधावं लागतं.

रेशो तपासायला काहीही उघडावं लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू उचलून एक्सलखाली स्टँड द्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. हँडब्रेक सोडलेला हवा. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. एक चाक तसंच धरून ठेवा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तो तुमचा रेशो: चारला किंचित कमी, सव्वाचार, की जवळपास पाच. मग मागच्या चाकांना दगड लावा, पुढचे हब लॉक करा, लीव्हर टू-व्हीलमध्येच ठेवा आणि पुढच्या शाफ्टवर हेच करा. दोन्हीकडचे फेरे जुळले नाहीत तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा, नाहीतर दुसरी गाडी बघा.