‘तीच वस्तू’ म्हणजे कोणती?

नाम आणि वस्तू यांचा प्रश्न आता आपण गोदामात नेऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या प्रत्येक सैन्यदलाची सुट्या भागांची नावं नि क्रमांक आपापले होते. इकडे बेअरिंग संपलं म्हणून नवी खरेदी, आणि तेच बेअरिंग दुसऱ्या दलाच्या गोदामात वेगळ्या नावाने पडून! युद्धाच्या काळात हे परवडणारं नव्हतं. १९५२मध्ये कायदा झाला: एका वस्तूला एकच क्रमांक. आधी तो ११ अंकी होता, १९७४पासून १३ अंकी झाला. पहिले ४ अंक वर्गाचे (३११० म्हणजे बेअरिंग), पुढचे २ देशाचे. उरलेले ७ मुद्दाम निरर्थक ठेवलेत, हे आपल्याला फार आवडतं. पण ‘एकच’ कशाला म्हणायचं? कारखाना कुठलाही असो, एकाच्या जागी दुसरं चाललं की दोन्ही एकच. आता, चालतं की नाही हे क्रमांक थोडाच सांगतो? त्यासाठी माप, धातू, कामगिरी सगळं आधी लिहून काढावं लागलं. वर्षं गेली ती त्यातच.