चिठ्ठी कोणी लिहायची?

न्हावऱ्यात कोणी ‘डॉक्टरकडे जाऊन आलो’ म्हटलं, तर कुठल्या पॅथीचा डॉक्टर, हे कोणी विचारत नाही. तो ग्रामीण रुग्णालयात गेला असेल किंवा बीएएमएस डॉक्टरांच्या दवाखान्यात. कदाचित ‘मेडिकल’च्या काउंटरवर उभं राहून ‘अंग दुखतंय, काहीतरी द्या’ एवढंच म्हणाला असेल. हंगामात कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगाराला तर जे दार उघडं दिसेल तेच जवळचं. कायद्याच्या लेखी मात्र या तीन दारांत मोठं अंतर आहे. ते अंतर कोणी, कधी आणि का आखलं, हे शोधताना मला दिसलं की ही रेषा कधीच एका जागी टिकलेली नाही.

मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यक कायदा आला आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची नोंदवही सुरू झाली. वैद्य आणि हकीम तिच्याबाहेर राहिले. त्यांच्यासाठी १९३८ साली वेगळा कायदा झाला, वेगळी नोंदवही आली. म्हणजे ‘डॉक्टर कोण’ हा प्रश्न ‘नाव कुठल्या वहीत’ असा झाला. गंमत म्हणजे त्याआधीच, १८९२ पासून, बंगालात सरकार पोस्टातून क्विनाइनच्या पुड्या विकत होतं. हिवताप इतका पसरलेला आणि डॉक्टर इतके थोडे, की पोस्टमास्तरच्या हातून औषध देण्यात कोणाला वावगं वाटलं नाही.

१९४८ च्या फार्मसी कायद्यानं औषध देणाऱ्याचा पेशा वेगळा केला. चिठ्ठी डॉक्टरनं लिहायची, औषध फार्मासिस्टनं द्यायचं. पण ही वाटणी एकतर्फी होती. डॉक्टरला स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची मुभा राहिली, फार्मासिस्टला लिहिण्याची मिळाली नाही. खेड्यातल्या दवाखान्यात कागदात बांधून मिळणाऱ्या गोळ्या याच मुभेतून येतात.

मग प्रश्न उरला बीएएमएस डॉक्टरांचा. औषध नियमांत एक छोटं कलम आहे: आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणारा म्हणून राज्य सरकार ज्याला जाहीर करील, तोही ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’. त्याच्या आधारे महाराष्ट्रानं २५ नोव्हेंबर १९९२ ला अधिसूचना काढली. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा अधिसूचनांचा अधिकार मान्य केला, पण राज्याचा कायदाही तशी परवानगी देत असला पाहिजे, अशी अट सांगितली. होमिओपॅथीला हे दार तेव्हा बंदच होतं. मुंबईतल्या एका होमिओपॅथनं तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. १९९६ साली न्यायालयानं ठरवलं की जी पद्धत शिकलो नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा.

महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा बदलून त्यावर उत्तर काढलं: वर्षभराचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करा आणि लिहा. २०२५ मध्ये या होमिओपॅथांची वैद्यक परिषदेत नोंद करण्याची वेळ आली, तेव्हा १८ सप्टेंबरला राज्यभर डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला.

या भांडणात दोन्ही बाजू पदवीबद्दलच बोलतात. मला त्याहून उपयोगी उत्तर गडचिरोलीत दिसतं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना एकच आजार शिकवला: लहान मुलांचा न्यूमोनिया. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, मण्यांवर मिनिटभराचे श्वास मोजायचे, ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरले तर को-ट्रायमोक्सॅझोल द्यायचं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू त्या गावांत ८.१, आणि तुलनेच्या गावांत १७.५. प्रतिजैविक देणाऱ्यांपैकी कित्येकींना वाचताही येत नव्हतं.

याचा अर्थ कोणीही काहीही द्यावं असा नाही. तिथं आजार एक होता, औषध एक होतं, मात्रा ठरलेली होती आणि प्रत्येक नोंद तपासली जात होती. १९९२ च्या अधिसूचनेनं उलट केलं: वही बदलली आणि औषधांचं अख्खं कपाट उघडलं.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात मर्यादित औषधं लिहू शकणाऱ्या ‘समुदाय आरोग्य प्रदात्या’ची तरतूद आहे. ब्रिटनमध्ये २००६ पासून जादा प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतः चिठ्ठी लिहितात. आपल्याकडे मेडिकलवाला लिहीत नाही, फक्त देतो. २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधल्या प्रतिजैविकांसाठी वेगळी वही ठेवायची सक्ती आहे, तिच्यात रुग्णाचं आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव लागतं. चिठ्ठीविना गेलेल्या गोळीला त्या वहीत जागाच नाही. म्हणून ती नोंदीशिवाय जाते, आणि पुढे काही बिघडलं तर जबाबदार कोणीच नसतं.

माझ्या मते न्हावऱ्यासारख्या गावाला हवी ती छोटी यादी: दहा-पंधरा औषधं, ठरलेली लक्षणं, ‘आता रुग्णालयात पाठवा’ ही स्पष्ट हद्द, आणि देणाऱ्याची सही. डॉक्टर रागावतील, फार्मासिस्टही कुरकुरतील, कारण सहीबरोबर जबाबदारी येते. पण काउंटरवर उभ्या असलेल्या बाईला गोळी आजही मिळतेच आहे. ती कोणी दिली, हे लिहिलेलं असावं, एवढंच.