शाळेच्या हॉलमध्ये तारांगण: डोम प्रोजेक्शन नेमकं काय असतं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीत रात्री उत्तरेकडे पाहिलं, तर ध्रुव तारा क्षितिजापासून साधारण 20 अंशांवर दिसतो. श्रीनगरमध्ये तोच 34 अंशांवर असतो. फळ्यावर लिहून दिलं की मुलं हे आकडे पाठ करतात. घुमटात मात्र शिक्षकांनी कॉम्प्युटरवर ठिकाण बदललं की तारा डोळ्यांदेखत वर सरकतो, आणि अक्षांश म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली तारांगण सुरू झालं. देशातलं पहिलं, तेही एका शाळेत! मुंबईचं नेहरू तारांगण त्यानंतर तब्बल 23 वर्षांनी, 1977 मध्ये आलं.

हे चालतं कसं?

फिरत्या तारांगणात जाड कापडाचा घुमट पंख्याच्या हवेने फुगवतात. 5-6 मीटरच्या घुमटात 25-30 मुलं मांडी घालून बसतात. मधोमध प्रोजेक्टर आणि त्यावर फिशआय लेन्स. ही लेन्स चित्र सगळ्या छतभर पसरवते. अडचण अशी, की प्रोजेक्टरचं चित्र आयताकृती आणि घुमटाला लागतं गोल. फुल एचडीमध्ये तो गोल बसवला तर निम्म्याहून जास्त पिक्सेल वाया जातात, म्हणून स्वस्त घुमटात तारे थोडे धूसर दिसतात. लेन्स महाग पडते, म्हणून काही जण साध्या प्रोजेक्टरसमोर बहिर्गोल आरसा ठेवतात. स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर या दोन्ही पद्धतींना चालतं.

प्रत्येक धड्याला घुमट लागत नाही. अपूर्णांक फळ्यावरच बरे. पण याच जिल्ह्यातलं लोणारचं विवर घ्या. जवळपास 1.8 किलोमीटर रुंद. पुस्तकातल्या फोटोत ते नुसतं तळं वाटतं. तळातून काढलेला 360 अंशांचा फोटो घुमटात लावला की चारही बाजूंनी कडे उभे राहतात. फक्त तयार फिल्म लावून शिक्षक बाजूला बसले, तर तो सिनेमाच होतो. मुलांना मध्येच थांबवून प्रश्न विचारता आले पाहिजेत.

आणि लाइट? पंखा बंद पडला की घुमट हळूहळू मुलांच्या डोक्यावर बसू लागतो. त्यामुळे इन्व्हर्टर आधी पंख्याला जोडायचा, प्रोजेक्टरचं नंतर बघता येतं.