सातपुड्यातील अश्वारूढ शिकार आणि रायफलीची निवड : कामठी छावणीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसले राज्यावर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसू लागला आणि १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी, नागपूरपासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर, कामठीची लष्करी छावणी वसविण्यात आली. येथे प्रामुख्याने मद्रास फौजेच्या पलटणी असत. कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या सातपुड्यातून उतरून कामठीच्या परिसरात एकत्र येतात, तर जबलपूरकडे जाणारा रस्ता सिवनीमार्गे याच डोंगरांत शिरतो. साहजिकच छावणीतील अधिकाऱ्यांना सातपुड्याचे रान हे शिकारीचे जवळचे क्षेत्र होते. या शिकारीचा विचार बहुधा मनोरंजनाचा किंवा साहसाचा विषय म्हणून केला जातो. प्रस्तुत निबंधात घोडा, डोंगर आणि कायदा या तीन घटकांनी रायफलीची निवड कशी ठरविली आणि त्या निवडीचा भार कोणी वाहिला, याचा विचार केला आहे.

घोडा आणि ठासणीची बंदूक :

मैदानी मुलखात घोडेस्वार शिकाऱ्याचे खरे हत्यार भाला हेच होते. रानडुकराचा पाठलाग भरधाव घोड्यावरून करता येतो. परंतु साग आणि बांबूच्या दाट रानात, खडकाळ उतारावर असा पाठलाग शक्य नसतो. तेथे घोडा शिकाऱ्याला तळापासून रानाच्या तोंडापर्यंत पोहोचवी. पुढील मार्ग पायी, हत्तीवरून किंवा मचाणावर बसून पुरा करावा लागे. म्हणजे डोंगरातील घोडा हे मारा करण्याचे आसन नसून वाहतुकीचे साधन होते. ही बाब लक्षात घेतल्याशिवाय शस्त्रनिवडीचा उलगडा होत नाही.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल सुमारे १४० सेंटीमीटर लांब आणि सव्वाचार किलोग्रॅमांच्या आसपास वजनाची होती. एवढे लांब शस्त्र घोड्यावर सांभाळणे आणि त्याच्या तोंडातून दारू व गोळी ठासणे अवघड असल्याने घोडदळास आखूड कराबीन दिली जाई. ठासणीच्या शस्त्रात आणखी एक धोका होता. नळीचे तोंड खाली करून ते खोगिराला अडकविल्यास घोड्याच्या हिसक्यांनी गोळी दारूपासून सुटून पुढे सरके. दारू आणि गोळी यांत अशी पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुटण्याचा संभव असे. त्यामुळे भरलेली जड रायफल स्वाराजवळ न ठेवता पायी चालणाऱ्या बंदूकवाल्याच्या खांद्यावर देण्याची पद्धत रूढ झाली.

डोंगर, जनावर आणि फोर्सिथ यांचा विचार :

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतर सातपुड्याच्या जंगलांची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव महत्त्वाचे आहे. १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर त्यांनी बायसन लॉज ही वास्तू उभारली. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) या ग्रंथामुळे ते परिचित असले, तरी त्यापूर्वी १८६३ मध्ये त्यांचा शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवरील स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. मध्य भारतातील डोंगरांत वावरलेल्या अधिकाऱ्याने शस्त्रनिवडीचे शास्त्र मांडावे, ही घटना अभ्यासकांनी नोंद घेण्याजोगी आहे.

रायफलीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात आणि त्यांमुळे गोळी फिरत जाते. एन्फिल्डमध्ये हे आटे ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करीत. लष्करी रायफलीची लांबट गोळी दूरवर अचूक जाई. परंतु तिचा मार्ग बराच वक्र असल्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की नेम चुके. डोंगरात हा अंदाज हमखास फसतो. शिवाय चढावर किंवा उतारावर नेम धरताना गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आडव्या अंतरापुरताच होत असल्याने गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते. फोर्सिथ यांनी यावर सुचविलेला उपाय म्हणजे मोठ्या व्यासाची नळी, वाटोळी गोळी, भरपूर दारू आणि अतिशय संथ फेऱ्याचे आटे. आटे संथ असल्याने दारू वाढविली तरी गोळी आट्यांतून निसटत नसे आणि शिकारीच्या नेहमीच्या अंतरात तिचा मार्ग जवळजवळ सरळ राही. दाट रानात जनावर बहुधा जवळूनच दिसत असल्याने दूरच्या माऱ्याचे महत्त्व गौण होते.

मोठ्या व्यासाचे दुसरे कारण जनावर हे होते. सातपुड्यातील गव्याचा पूर्ण वाढलेला नर ८०० किलोग्रॅमांहूनही जड असू शकतो. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशात बारा गोळ्या. त्या हिशेबाने एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमांची होते. आठ बोअरची गोळी ५७ ग्रॅमांच्या जवळ जाते, परंतु तशी रायफल सात किलोग्रॅमांपर्यंत जड होई. जनावर मोठी गोळी मागत होते, तर घोडा हलके व आखूड शस्त्र मागत होता. या पेचातून दुनळी, मध्यम लांबीची रायफल पुढे आली. पुढे काडतूस मागून भरण्याची सोय झाल्यावर ठासणीचा प्रश्न संपला. स्वार रिकामी रायफल बाळगून ऐन वेळी ती भरू शकला. १८९८ मध्ये रिग्बी यांची ०.४५० इंच व्यासाची, धूरविरहित दारूची रायफल आली आणि लहान व्यासातही मोठ्या जनावरास पुरेसा जोर मिळाला.

निवडीचा अधिकार :

तांत्रिक प्रश्न असा सुटत असतानाच निवडीचा अधिकार मात्र आकुंचित होत गेला. जून १८५७ मध्ये नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळाचा उठावाचा बेत फसला आणि कामठीची मद्रासी फौज कंपनीच्या बाजूस राहिली. त्यानंतरच्या निःशस्त्रीकरणाच्या धोरणाचे कायम स्वरूप म्हणजे १८७८ चा शस्त्र कायदा होय. भारतीयांस परवान्याची सक्ती झाली, तर युरोपियनांस सूट मिळाली. त्याच वर्षी भारतीय वन कायदाही झाला. एका कायद्याने हत्यार आणि दुसऱ्याने रान सरकारच्या ताब्यात गेले. गवा कोठे चरतो हे जाणणारा, माग काढणारा आणि साहेबाची रायफल वाहणारा गोंड वा कोरकू शिकारी स्वतःच्याच डोंगरात परवान्याविना बंदूक बाळगू शकत नव्हता. घोडेस्वाराला जड रायफल निवडणे परवडत होते, कारण तिचे वजन त्याच्या खांद्यावर नव्हते.

निर्बंध युरोपियनांपर्यंतही पोहोचले. लष्करी काडतुसांतील गोळ्या भलत्या हाती जाऊ नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ०.४५० व्यासाच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली आणि कारखानदारांना ०.४६५, ०.४७० असे नवे व्यास काढावे लागले. मात्र युरोपियनाचा प्रश्न कोणती रायफल घ्यावी एवढाच होता. भारतीयाचा प्रश्न शस्त्र बाळगता येईल काय, हा होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्र कायद्याविषयी ठराव केला आणि १९२७ मध्ये नागपुरातच मंचरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली या कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला. सत्याग्रहींनी हाती घेतलेल्या तलवारींचा शिकारीशी संबंध नव्हता. पण शस्त्र कोणी धरावे हा मूळ प्रश्न तोच होता.

निष्कर्ष :

सातपुड्यातील रायफलीची निवड ही शिकाऱ्याच्या आवडीची बाब नव्हती. घोड्याने शस्त्राची लांबी व वजन, डोंगराने त्याची अचूकता आणि जनावराने गोळीचा आकार ठरविला. निवडीचा अधिकार कोणाचा, हे मात्र कायद्याने ठरविले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही शिकार इतिहासजमा झाली आणि पेंचचे रान १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून राखले गेले. कामठीची छावणी आजही लष्कराची आहे. वसाहतकालीन शिकारवर्णनांत रायफलीचे आणि घोड्याचे वर्णन विस्ताराने येते. बंदूकवाल्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो. मध्य भारताच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ती एक ओळ उर्वरित वर्णनाइतकीच महत्त्वाची आहे.