दिव्यांग अर्थसाहाय्य, ग्वाल्हेर

मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर जिल्ह्यात दिव्यांग व्यक्तींना मिळणारे शासकीय अर्थसाहाय्य व त्यासाठीची प्रमाणपत्राची व्यवस्था. दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 (अंमल 19 एप्रिल 2017) हा तिचा पाया. 1995 च्या कायद्यातील 7 प्रकारांचे आता 21 झाले असून बहुतेक लाभांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. हिंदी कागदपत्रांत ‘निःशक्तजन’ व ‘दिव्यांगजन’ हे दोन्ही शब्द आढळतात, अर्थ एकच.

अर्ज दोन असतात. पहिला प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र); 1 जून 2021 पासून तो स्वावलंबन पोर्टलवरूनच होतो आणि तपासणी शासकीय वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडे होते. दुसरा अर्ज पेन्शनचा; तो शहरात नगर निगमकडे, गावात पंचायतीकडे जातो आणि राज्याच्या ‘समग्र’ कुटुंबनोंदीवर चालतो. या नोंदीत कुटुंबाचा क्रमांक 8 अंकी व व्यक्तीचा 9 अंकी असतो. कार्ड देशभर चालते, पेन्शन राज्यापुरती असते. त्यामुळे पुण्याहून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला कार्ड नव्याने काढावे लागत नाही, पण महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान त्याच्यामागून येत नाही. मध्य प्रदेशची सामाजिक सुरक्षा पेन्शन 40 टक्क्यांपासून मिळते. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद लागते. अलीकडच्या वर्षांत दोन्हींची रक्कम महिना 600 रुपये राहिली असून राष्ट्रीय योजनेत केंद्राचा वाटा 300 रुपयांचा आहे.

टक्केवारी ठरते कशी, हा या विषयातला कळीचा प्रश्न. आणि तो मानसिक आजाराच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. ग्वाल्हेरला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. येथील मानसिक आरोग्यशाळेतील रुग्णांच्या हलाखीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 1994 मध्ये त्यावर निर्णय झाला, आणि 11 नोव्हेंबर 1997 च्या आदेशाने रांची व आग्र्याच्या रुग्णालयांबरोबर या संस्थेवरील देखरेखही राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवली गेली. न्यायालयाचे लक्ष तेव्हा भिंतीआडच्या माणसांकडे होते. आजचा बहुसंख्य रुग्ण घरी राहतो, आणि त्याचा हक्क त्याच्या टक्केवारीवर उभा असतो. हाडाचा किंवा दृष्टीचा दोष मोजताना तज्ज्ञ अवयव पाहतो. मानसिक आजारासाठीच्या ‘आयडियाज’ तक्त्यात मात्र स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात. गेल्या 2 वर्षांत आजार किती महिने होता त्याचे आणखी 4 पर्यंत गुण. एकूण 20 पैकी 7 गुण झाले की 40 टक्क्यांचा उंबरठा ओलांडला जातो. 6 गुणांवर माणूस बाहेर राहतो. म्हणजे अंघोळीसाठी रोज सांगावे लागते का, गोळ्या कोण देते, कामावर किती दिवस टिकता आले, या घरच्या गोष्टीच येथे पुरावा ठरतात. कायद्यातील दिव्यांगत्वाची व्याख्याही अडथळ्यांवर बेतलेली आहे. म्हणून निदानाच्या कागदाइतकीच सोबत राहणाऱ्याची तपशीलवार हकिकत आणि उपचारांचे तारीखवार कागद तपासणीला नेणे आवश्यक ठरते.

यावर आक्षेप असा की सांगीव हकिकतीत अतिशयोक्ती होते आणि सरकारी पैसा वाटताना मोजमाप कठोरच हवे. आक्षेप रास्त आहे, पण उपाय तक्त्यातच आहे: आजाराचा कालावधी उपचारांच्या नोंदींवर पडताळता येतो आणि प्रत्येक बाबीचे गुण वेगळे मांडावे लागतात. ज्याची नोंद होत नाही, ते कठोर मोजमापातही मोजले जात नाही. दुसरा आक्षेप, 600 रुपयांसाठी एवढे हेलपाटे कशाला? पण प्रमाणपत्राने शासकीय नोकरीतील किमान 4 टक्के (त्यातला 1 टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व इत्यादींना) आणि उच्च शिक्षणातील 5 टक्के आरक्षणाचे दार उघडते. शिवाय अधिनियमाच्या कलम 24 नुसार दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनेहून किमान 25 टक्के अधिक असायला हवे. वृद्धांना आणि दिव्यांगांना सारखेच 600 रुपये देणे या तरतुदीशी जुळत नाही. राज्याच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा त्याच कलमात आहे, हे खरे; पण क्षमतेच्या सबबीने किमान प्रमाणाचा अर्थ पुसला जाऊ नये.

प्रमाणपत्र देण्याची मुदत 2024 च्या नियमदुरुस्तीने एका महिन्यावरून 3 महिने झाली. निर्णय अमान्य असल्यास कलम 59 खाली अपील करता येते. पेन्शन रखडल्यास मुख्यमंत्री हेल्पलाइन 181 किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातील मंगळवारची जनसुनावणी हे मार्ग आहेत. मध्य प्रदेशचा 2010 चा लोकसेवा हमी कायदा देशातील पहिला. विलंबासाठी अधिकाऱ्याला दिवसाला 250, कमाल 5,000 रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 खालील पालकत्व व ‘निरामय’ विमा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्वापुरता असून केवळ मानसिक आजार त्यात येत नाही.

दृष्टिहीनांसाठी : माधव अंधाश्रम. क्रीडा : अटल बिहारी वाजपेयी दिव्यांग क्रीडा प्रशिक्षण केंद्र (लोकार्पण 2023). रेल्वे सवलत : स्वतंत्र अर्ज.