दुग्धाम्लाची कुळकथा

मेंदूचा आहार ग्लुकोज आणि केवळ ग्लुकोज, हे वचन पाठ्यपुस्तकांतून इतक्या निःशंकपणे उच्चारले गेले आहे की, व्यायामाचा जोर वाढत जातो तसतसे मेंदूचे ग्लुकोज-ग्रहण वाढण्याऐवजी घटत जाते, हे फिनलंडमधील तुर्कूच्या संशोधकांचे २००५ सालचे निरीक्षण वाचून मी चक्रावून गेलो. आणि ही तूट बऱ्याच अंशी कोण भरून काढतो हे कळल्यावर तर त्याचे कुळ धुंडाळल्यावाचून राहवेना. तो पदार्थ म्हणजे थकव्याचा कर्ता म्हणून शतकभर बदनाम झालेले दुग्धाम्ल, अर्थात रक्तात वावरणारे त्याचे रूप, लॅक्टेट.

त्याचा पूर्वेतिहास सर्वज्ञात आहे: १७८० साली स्वीडिश औषधविक्रेता कार्ल शील याने ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले आणि १८०७ साली बर्झेलियसला ते प्राण्यांच्या स्नायूंत आढळले. बदनामीचे मूळ मात्र १९०७ सालच्या केंब्रिजमध्ये आहे. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू शरीरापासून तोडून, प्राणवायूविना, थकेपर्यंत आकुंचित करविले, तेव्हा त्यांत दुग्धाम्ल साचले; आणि ते साचले म्हणूनच स्नायू थकले, असा निवाडा पुढील पिढ्यांनी परस्पर देऊन टाकला. या गैरसमजाचा दोष पुष्कळ जण ए. व्ही. हिल यांच्या ‘प्राणवायूच्या ऋणा’च्या, म्हणजे श्रमात कमी पडलेला प्राणवायू शरीर नंतर फेडते या, कल्पनेवर टाकतात. मला ते मान्य नाही. १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी हिल आणि मायरहोफ हे दोघेही जाणून होते की या आम्लाचा काही भाग जळतो व उरलेल्यापासून पुन्हा शर्करासंचय (ग्लायकोजेन) घडतो. एवढेच नव्हे, तर प्राणवायू मिळताच ते नाहीसे होते, ही नोंद खुद्द फ्लेचर-हॉपकिन्स यांच्याच दप्तरी होती. दोष आहे तो प्रयोगाच्या मांडणीचा: तोडलेल्या तंगडीत ना रक्ताभिसरण, ना यकृत, ना हृदय, ना मेंदू, मग आम्लाने जावे तरी कोठे?

मेंदूची ऊतके लॅक्टेट जाळू शकतात, हे होम्सने १९३० च्या सुमारास केंब्रिजमध्येच दाखविले होते. पण ती कैफियत कोणी मनावर घेतली नाही. १९८८ साली शूर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूचे काप लॅक्टेटवर कार्यरत ठेवले, तर १९९४ साली पेलेरँ आणि माजिस्त्रेत्ती यांनी असा सिद्धान्त मांडला की मेंदूतील तारापेशी ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवून ते चेतापेशींना पुरवितात. चिह आणि रॉबर्ट्स यांनी २००३ साली त्यावर कठोर आक्षेप घेतले: चेतापेशी स्वतःच ग्लुकोज घेण्यास समर्थ असताना ही मध्यस्थी कशाला? हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु व्यायामाचा प्रश्न त्यावर अवलंबूनच नाही, असे माझे मत आहे. कारण तेथे लॅक्टेट तारापेशींकडून नव्हे, तर रक्तातून येते: जोरदार श्रमात रक्तातील लॅक्टेट विश्रांतीच्या दहापटीवर जाते. दीर्घ उपवासात कीटोन पदार्थांना मेंदूत घेणाऱ्या वाहक प्रथिनांच्याच कुळातील प्रथिने त्यालाही आत घेतात, आणि ते तेथे खरोखर जळते, याचा दाखला कोपनहेगनच्या प्रयोगांनी २००९ साली दिला.

एक कोडे मात्र शिल्लक राहते. तीव्र व्यायामात मेंदू ग्लुकोज आणि लॅक्टेट मिळून जेवढे आत घेतो, तेवढे जाळण्यास लागणारा प्राणवायू तो वापरीत नाही. उरलेला ऐवज तारापेशींच्या शर्करासंचयात जमा होत असावा, असा माझा तर्क आहे.

व्यायाम करणाऱ्यांना एवढेच सांगणे की, दुसऱ्या दिवशीच्या पायदुखीचे खापर तरी दुग्धाम्लावर फोडू नका. ते तासाभरात रक्तातून बहुतांशी ओसरलेले असते, आणि दुखतात ते सूक्ष्म इजा झालेले स्नायू.