ब्रिल, इव्हॉन

ब्रिल, इव्हॉन : (३० डिसेंबर १९२४ – २७ मार्च २०१३). कॅनडात जन्मलेल्या अमेरिकन रॉकेट-अभियंत्या. जन्म विनिपेगजवळचा, आईवडील बेल्जियमहून कॅनडात आलेले. माहेरचे आडनाव क्लेस.

मॅनिटोबा विद्यापीठात त्यांना अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही. अभ्यासक्रमातल्या मैदानी शिबिरात मुलींच्या राहण्याची सोय नाही, एवढेच कारण. मग गणित आणि रसायनशास्त्र घेऊन त्या १९४५ मध्ये पदवीधर झाल्या आणि कॅलिफोर्नियात डग्लस एअरक्राफ्ट कंपनीत रुजू झाल्या. नोकरी सांभाळून १९५१ मध्ये त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची रसायनशास्त्रातील एम.एस. पदवी घेतली. हेच रसायनशास्त्र पुढे त्यांच्या कामी आले.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी. उंचीवर फिरतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने तो हळूहळू ढळतो आणि त्याला जागेवर आणायला छोटे थ्रस्टर अधूनमधून चालवावे लागतात. त्यांचे इंधन संपले, की बाकी यंत्रणा धडधाकट असूनही उपग्रह निकामी होतो. हायड्रॅझिन हे इंधन उत्प्रेरकावरून गेले, की त्याचे विघटन होऊन तप्त वायू तयार होतो. ब्रिल यांनी हा वायू बाहेर पडण्याआधी विजेवर आणखी तापवण्याची योजना केली. वायू जितका तप्त, तितका तो वेगाने सुटतो. म्हणजे तेवढ्याच इंधनात रेटा जास्त. दुसरे इंधन नको, दुसरी टाकी नको. कल्पना इतकी सरळ, की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटते. कार्यक्षमता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. वाचलेल्या इंधनाच्या वजनाइतकी जास्त उपकरणे नेता येऊ लागली, किंवा उपग्रहाचे आयुष्य वाढवता येऊ लागले.

या शोधाचे एकस्व त्यांना १९७४ मध्ये मिळाले. त्या तेव्हा आरसीए कंपनीत होत्या. मुले लहान असताना काही वर्षे त्यांनी अर्धवेळच काम केले होते. १९८३ मध्ये आरसीएच्या सॅटकॉम उपग्रहावर हा थ्रस्टर प्रथम अवकाशात गेला. नासात स्पेस शटलच्या घन-इंधन रॉकेटांवर आणि लंडनला इन्मारसॅट या उपग्रह-दळणवळण संस्थेतही त्यांनी काम केले.

इतर स्त्री-अभियंत्यांची नावे पुरस्कारांसाठी सुचवणे, त्यासाठी पत्रे लिहिणे हे काम त्यांनी अनेक वर्षे चिकाटीने केले. त्यांना स्वतःला २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मृत्युलेखाची सुरुवात त्यांच्या स्वयंपाकाने झाली होती, वाचकांनी रास्त संताप व्यक्त केल्यावर ती बदलण्यात आली.